कोणत्या राज्याचा, कोणता हक्क? : यादवीपूर्व अमेरिकेतील सत्तासंघर्षाची प्रस्तावना

मे १८५४ च्या अखेरीस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स एकाच वेळी दोन कामांत गुंतला होता. ३० मे रोजी त्याने कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली. राज्याचा दर्जा अजून न मिळालेल्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, हे तिथल्या रहिवाशांनीच ठरवावे आणि वॉशिंग्टनने त्यात पडू नये, हे त्या कायद्याचे सांगितलेले तत्त्व. त्याच दिवसांत बोस्टनच्या कोर्टाच्या इमारतीत अँथनी बर्न्स नावाचा विशीतला तरुण कोंडलेला होता. तो व्हर्जिनियातून पळून आलेला गुलाम. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी संपून सत्तर वर्षे होत आली होती आणि बर्न्सला परत धाडायला शहरातली असंख्य माणसे तयार नव्हती. २६ मेच्या रात्री जमावाने त्याला सोडवण्यासाठी कोर्टाच्या दारावर हल्ला केला. त्या झटापटीत एक पहारेकरी ठार झाला. कायदा बजावायला लागेल तो खर्च करा, अशी तार पिअर्सने पाठवली. २ जूनला बर्न्सला बंदराकडे नेले तेव्हा भोवती केंद्राचे नौसैनिक होते, भरलेली तोफ होती, राज्याच्या मिलिशियाच्या तुकड्या होत्या. दुतर्फा हजारो लोक उभे होते आणि घराघरांवर काळे कापड टांगलेले होते. केंद्र सरकारच्या जहाजातून त्याला व्हर्जिनियाला पोचवण्यात आले.

कॅन्ससमध्ये हात आखडता घेणारे सरकार आणि बोस्टनमध्ये तोफ आणणारे सरकार एकच होते. यादवी युद्धाआधीच्या अमेरिकेविषयी मला जे सांगायचे आहे त्याचे बीज त्या आठवड्यात आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

हे युद्ध म्हणजे केंद्र विरुद्ध राज्ये असा झगडा होता, असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. उत्तरेला बलवान केंद्र हवे होते, दक्षिणेला राज्यांची स्वायत्तता हवी होती आणि शेवटी तलवारीने निकाल लागला, अशी ती मांडणी. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती इतकी टिकली. पण कागदपत्रे वाचत गेले की ती जागोजागी उसवते. १८५० च्या दशकात केंद्र सरकारचे हात बळकट करणारा सर्वांत कठोर कायदा मागितला तो दक्षिणेने, आणि राज्याच्या सार्वभौमत्वाची भाषा बोलू लागले विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्स. राष्ट्राध्यक्षांचेही तसेच. त्यांना आपण बलवान आणि दुबळे अशा दोन रांगांत बसवतो. पण पिअर्स बोस्टनमध्ये दुबळा नव्हता. सत्ता कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरली, हे विचारल्याखेरीज या वादांचा अर्थ लागत नाही. या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणात मी तोच प्रश्न धरून चाललो आहे.

मराठीत हा विषय सविस्तर मांडण्याला कारणे आहेत. हे युद्ध सुरू होऊन दक्षिणेतला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. खानदेश आणि वऱ्हाडातल्या कापसाचे भाव चढले, मुंबईत शेअरबाजाराची लाट उसळली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती फुटून अनेक घराणी बुडाली. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घटना समितीत स्पष्टच सांगितले की, राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकेला यादवी लढावी लागली; म्हणून मसुदा समितीने ही गोष्ट आरंभीच निःसंदिग्ध करून ठेवली आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या घटनाकाराने अमेरिकेच्या संविधानातली जी उणीव हेरली, तिच्याकडेच आता वळायचे आहे.

१७८७ चे संविधान तडजोडींतून घडले. काँग्रेसमधील, म्हणजे तिथल्या संसदेतील, प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीनपंचमांश मोजणी करायचे ठरले. त्यामुळे ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येचे बळ त्यांच्या मालकांना मिळाले, आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातही ते उतरले. पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो परत द्यावा, असे कलम घातले; पण ते कोणी बजावायचे, राज्याने की केंद्राने, हे मोघम ठेवले. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील असे म्हटले. राष्ट्राध्यक्षाला सेनेचे प्रमुखपद मिळाले आणि कायदे निष्ठेने अमलात आणण्याचे कर्तव्यही. एखाद्या राज्याने आपण या संघराज्यात नाही असे जाहीर केले तर त्याने काय करायचे, याविषयी मात्र संविधानात एक ओळ नाही.

ही पोकळी पहिल्यांदा चाचपली ती गुलामगिरीपेक्षा वेगळ्याच कारणासाठी. १७९८ मध्ये जॉन अ‍ॅडम्सच्या सरकारने सरकारविरोधी लेखन गुन्हा ठरवणारा कायदा केला, तेव्हा थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांनी पडद्याआड राहून केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांसाठी ठराव लिहिले. संघराज्य हा राज्यांमधला करार आहे आणि केंद्राने मर्यादा ओलांडली तर राज्ये तसे सांगू शकतात, हे त्यांचे सूत्र. पुढच्या साठ वर्षांत ज्याला ज्याला वॉशिंग्टनला विरोध करायचा होता त्याने हे ठराव हाती घेतले. १८१४ च्या हिवाळ्यात इंग्लंडविरुद्धच्या युद्धाला कंटाळलेले न्यू इंग्लंडचे प्रतिनिधी हार्टफर्डला जमले, तेव्हा तेही याच वळणाने बोलत होते.

खरी कसोटी लागली १८३२ मध्ये, अँड्र्यू जॅक्सनच्या कारकिर्दीत, आणि या काळावर मी सर्वाधिक पाने खर्च केली आहेत. १८२८ च्या आयातकराने दक्षिण कॅरोलिना खवळले होते. उत्तरेतल्या कारखान्यांना संरक्षण, आणि कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेवर बोजा, ही तक्रार. तिची तात्त्विक बाजू निनावी लिहिणारा जॉन कॅल्हून तेव्हा देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता. एखादे राज्य अधिवेशन भरवून केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवू शकते, असे त्याचे म्हणणे. २४ नोव्हेंबर १८३२ रोजी दक्षिण कॅरोलिनाच्या अधिवेशनाने तसे केले. १ फेब्रुवारी १८३३ पासून कर वसूल होणार नाही आणि बळ वापरले तर आम्ही संघराज्यातून बाहेर पडू, असे बजावले.

जॅक्सनचे उत्तर १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात आहे. संघराज्य राज्यांनी नव्हे, लोकांनी घडवले आहे. ते मोडण्याचा हक्क एका राज्याला नाही. आणि सशस्त्र फूट हा देशद्रोह आहे. एवढे बोलून तो थांबला नाही. जनरल विनफिल्ड स्कॉटला त्याने चार्ल्स्टनला पाठवले, तिथल्या संघराज्यनिष्ठ लोकांशी संधान बांधले आणि करवसुलीसाठी सैन्य वापरण्याचा अधिकार काँग्रेसकडून मागून घेतला. त्याच वेळी सिनेटर हेन्री क्लेने कर टप्प्याटप्प्याने उतरवण्याची तडजोड घडवली. मार्च १८३३ मध्ये दोन्ही कायदे झाले. दक्षिण कॅरोलिनाने माघार घेतली, पण जाताजाता बळाच्या वापराचा कायदा तेवढा रद्दबातल ठरवून टाकला. दुसरे एकही दक्षिणी राज्य त्याच्या बाजूने उभे राहिले नव्हते, हे इथे विसरता कामा नये. अठ्ठावीस वर्षांनी चित्र पालटले ते करामुळे नव्हे.

हे दोन्ही विरोधकांना तेव्हाच कळले होते. कर हे निमित्त आहे, मूळ दुखणे आमच्या गुलामगिरीचे आहे, अशा आशयाचे खासगी पत्र कॅल्हूनने १८३० मध्येच लिहिले होते. आणि पेच सुटल्यावर १८३३ च्या मे महिन्यात जॅक्सनने एका पत्रात लिहिले की कर हा बहाणा होता, पुढचा बहाणा गुलामगिरीचा असेल. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या दोघांचे निदान इतके जुळावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पण जॅक्सनला संघराज्याचा निःस्पृह रक्षक ठरवण्याआधी त्याच वर्षीचे जॉर्जिया पाहावे लागते. तिथल्या सरकारने चेरोकी लोकांच्या भूमीवर आपले कायदे लादले होते. परवान्याशिवाय तिथे राहिल्याबद्दल सॅम्युएल वुस्टर या मिशनऱ्याला तुरुंगात टाकले. मार्च १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शलच्या कोर्टाने निर्णय दिला की चेरोकी भूमीत जॉर्जियाच्या कायद्याला जोर नाही. जॉर्जियाने तो धाब्यावर बसवला. केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाला एका राज्याने उघड झुगारले होते. दक्षिण कॅरोलिनाने केले त्याहून हे वेगळे काय? जॅक्सनने बोटही उचलले नाही. उलट जॉर्जिया बंडखोरांना मिळू नये म्हणून त्याच्या माणसांनी समेट घडवला आणि जानेवारी १८३३ मध्ये वुस्टर सुटला. भूमी चेरोकींना मिळाली नाही. १८३८-३९ मध्ये त्यांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलले गेले. सुमारे सोळा हजारांपैकी चारेक हजार त्या हद्दपारीत मेले असावेत असा अंदाज आहे. राज्यांच्या हक्कांचा इतिहास लिहिताना हे मृत्यू तळटीपेत ढकलले जातात. मी त्यांना मुख्य मजकुरात घेतले आहे, कारण इथे राज्याचा हक्क जिंकला तो राष्ट्राध्यक्षाच्या संमतीनेच.

१८३५ ची टपालाची हकिगतही त्याच धाटणीची. गुलामगिरीविरोधी पत्रकांचे गठ्ठे न्यूयॉर्कहून चार्ल्स्टनला आले, जमावाने टपाल कचेरीत घुसून ते पळवले आणि जाळले. टपाल हे केंद्राचे खाते. तरी पोस्टमास्टर जनरल एमोस केंडलने स्थानिक अधिकाऱ्यांना पत्रके अडवून ठेवू दिली आणि जॅक्सनने त्याची पाठराखण केली. दोन वर्षांपूर्वी याच बंदरात केंद्राचा कर वसूल होण्यासाठी तो युद्धाला तयार होता.

यापुढची पंधरा वर्षे मी भराभर ओलांडली आहेत, कारण त्या काळातला मुख्य प्रश्न राज्यांच्या हक्कापेक्षा नव्या भूमीचा आहे. १८४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोकने वादग्रस्त सीमेवर सैन्य धाडून मेक्सिकोशी युद्ध ओढवून घेतले. रक्त नेमके कोणत्या जागी सांडले ते दाखवा, अशी मागणी काँग्रेसमध्ये इलिनॉयचा एक नवखा सदस्य करत होता. त्याचे नाव अब्राहम लिंकन. युद्ध सुरू करण्याच्या राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराविषयी त्याने तेव्हा जे म्हटले, ते १८६१ वाचताना हाताशी ठेवावे.

१८५० च्या तडजोडीत पळालेल्या गुलामांचा नवा कायदा आला. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, ज्यूरी नव्हती. केंद्राने नेमलेल्या कमिशनरने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर, सोडले तर पाच. रस्त्यावरच्या कोणाही नागरिकाला पकडण्याच्या कामी जुंपण्याची मुभा होती. राज्यांच्या हक्कांचा उठताबसता उच्चार करणाऱ्या प्रतिनिधींनी हा कायदा मागितला आणि मिळवला. दुसऱ्या राज्याची न्यायालये आणि तिथला रिवाज त्याने बाजूला सारला.

विस्कॉन्सिनची कथा आपल्या वाचकांना बहुतेक अपरिचित असेल, म्हणून ती मी सविस्तर सांगितली आहे. मार्च १८५४ मध्ये मिसूरीतून पळालेल्या जोशुआ ग्लोव्हरला मिलवॉकीच्या तुरुंगातून जमावाने फोडून काढले आणि तो कॅनडाला निसटला. शेर्मन बूथ या संपादकावर जमाव गोळा केल्याचा खटला झाला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने पळालेल्या गुलामांचा कायदाच घटनाबाह्य ठरवून बूथची सुटका केली. मार्च १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते उलटवले. निकाल लिहिला सरन्यायाधीश रॉजर टॉनीने. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसला अधिकार नाही, असे ड्रेड स्कॉट खटल्यात दोन वर्षांपूर्वी लिहिणारा हाच टॉनी. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने मग ठराव केला तो थेट १७९८ च्या केंटकी ठरावाच्या शब्दांत. कॅल्हूनचे तर्कशास्त्र आता गुलामगिरीच्या शत्रूंच्या तोंडी होते. त्यांची बाजू मला न्यायाची वाटते आणि त्यांचा युक्तिवाद धोक्याचा वाटतो, आणि वाचकाने ही दोन्ही मते एकत्र धरून पाहावीत अशी माझी इच्छा आहे.

पिअर्सनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स ब्यूकॅननकडे येताना बहुतेक लेखक त्याला हतबल म्हातारा म्हणून रंगवतात. कागद तसे सांगत नाहीत. मार्च १८५७ मध्ये शपथ घेण्याआधीच त्याने ड्रेड स्कॉट खटल्यातले न्यायमूर्ती रॉबर्ट ग्रिअर यांना पत्र लिहून बहुमताकडे वळवले. शपथविधीच्या भाषणात, निकाल काहीही लागला तरी आपण तो मानू असे सांगितले, आणि दोन दिवसांनी निकाल लागला. कॅन्ससमध्ये गैरप्रकारांनी भरलेल्या निवडणुकीतून आलेले लेकाँप्टनचे गुलामगिरीवादी संविधान त्याने काँग्रेसच्या गळी उतरवण्यासाठी सगळी ताकद लावली. नेमणुका दिल्या, काढून घेतल्या आणि स्वपक्षाच्या स्टीफन डग्लसशी वैर ओढवून घेतले. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीविरोधी बंडखोर जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, तेव्हा कर्नल रॉबर्ट ली याच्या हाताखाली नौसैनिक पाठवायला त्याने वेळ लावला नाही.

नोव्हेंबर १८६० मध्ये चाळीस टक्क्यांहून थोडी कमी मते मिळवून लिंकन निवडून आला. दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत तर त्याला मत देण्याची सोयच नव्हती. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलिना १६९ विरुद्ध शून्य मतांनी बाहेर पडले. त्याआधी ३ डिसेंबरला ब्यूकॅननने काँग्रेसला सांगितले होते की फुटून निघणे बेकायदा आहे, पण फुटणाऱ्या राज्याला बळाने रोखण्याचा अधिकार ना राष्ट्राध्यक्षाला आहे, ना काँग्रेसला. त्याची अडचण मी नाकारत नाही. सबंध सैन्य सोळा हजारांच्या आसपास, त्यातले बहुतेक पश्चिमेच्या सीमेवर विखुरलेले, आणि मंत्रिमंडळातच फुटिरांचे मित्र बसलेले. अर्थमंत्री हॉवेल कॉब दक्षिणेसाठी राजीनामा देऊन गेला. परराष्ट्रमंत्री लुइस कॅस चार्ल्स्टनच्या किल्ल्यांना कुमक पाठवत नाही म्हणून गेला. तरी लेकाँप्टनसाठी धडपडणारा माणूस आणि चार्ल्स्टनपुढे घटनेचे बारकावे शोधणारा माणूस एकच आहे, हे मनातून जात नाही. डिसेंबरच्या अखेरीस चार्ल्स्टनमधल्या मेजर अँडरसनने स्वतःच्या जबाबदारीवर सैन्य तिथल्याच फोर्ट सम्टरमध्ये हलवले, तेव्हा कुठे ब्यूकॅनन थोडा ताठ झाला. कुमक घेऊन निघालेल्या ‘स्टार ऑफ द वेस्ट’ या जहाजावर ९ जानेवारी १८६१ रोजी तोफा डागल्या गेल्या आणि ते परत फिरले.

दक्षिण कॅरोलिनाने आपल्या निर्णयाची कारणे छापून प्रसिद्ध केली. राज्यांच्या हक्कांवर विश्वास असलेल्या प्रत्येकाने ती मुळातून वाचावीत. करांची तक्रार तिथे नाही. तक्रार आहे ती उत्तरेच्या राज्यांनी पळालेले गुलाम परत देण्याच्या आड येणारे कायदे केल्याची, आणि न्यूयॉर्कने गुलामांसह आपल्या हद्दीतून जाण्याचा हक्कही नाकारल्याची. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हाच गुन्हा. त्या राज्यात १८६० च्या गणनेनुसार निम्म्याहून जास्त माणसे गुलाम होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. फेब्रुवारीत माँटगोमेरीला जमलेल्या राज्यांनी जे नवे संविधान केले, त्यात गुलामांसह कोणत्याही राज्यात जाण्यायेण्याचा हक्क पक्का केला. कोणतेही सभासद राज्य न्यूयॉर्कसारखे वागू शकणार नव्हते.

पुस्तकाचा शेवटचा भाग लिंकनच्या पहिल्या पाच महिन्यांचा आहे. शपथविधीचे भाषण लिहिताना जॅक्सनचा १८३२ चा जाहीरनामा त्याच्यासमोर होता, आणि दोन्ही ताडून पाहिले की ते उघड दिसते. १२ एप्रिलला सम्टरवर मारा सुरू झाला. १५ तारखेला लिंकनने १७९५ च्या कायद्याखाली राज्यांकडून ७५ हजार मिलिशिया मागवली. केंटकीच्या गव्हर्नराने नकार कळवला, व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी आणि उत्तर कॅरोलिना बाहेर पडली. काँग्रेस भरलेली नसताना त्याने बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, कायमस्वरूपी सैन्य वाढवले, आणि वॉशिंग्टनच्या वाटेवर हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क स्थगित केला. मेरीलँडमधल्या जॉन मेरिमनच्या अटकेवर टॉनीने लिहिले की हा अधिकार काँग्रेसचा आहे, राष्ट्राध्यक्षाचा नाही. लिंकनने तो निर्णय अमलात आणला नाही. १८४८ मध्ये पोकला जाब विचारणाऱ्या लिंकनने हे केले. त्याचा हेतू मला पटतो आणि संघराज्य टिकले नसते तर गुलामांची मुक्तताही झाली नसती, असे मी मानतो. पण या प्रकरणात टॉनीचा कायदेशीर मुद्दा भक्कम आहे आणि तो टॉनीचा आहे म्हणून टाकून देता येत नाही. ते प्रकरण मी तसेच, दोन्ही बाजूंच्या पूर्ण वजनासह लिहिले आहे.

४ जुलै १८६१ ला काँग्रेस बोलावून लिंकनने आपल्या कृत्यांचा हिशेब दिला आणि संमती मागितली. ६ ऑगस्टच्या कायद्याने सैन्य, नौदल आणि मिलिशियाविषयीचे त्याचे हुकूम मान्य झाले. हेबियस कॉर्पसवर काँग्रेसने तेव्हा मौन पाळले; त्यावरचा कायदा व्हायला मार्च १८६३ उजाडला. तोवर जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राउन सक्तीच्या सैन्यभरतीवरून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, म्हणजे स्वतःच्याच, राष्ट्राध्यक्षाशी, जेफरसन डेव्हिसशी, राज्यांच्या हक्कांचे भांडण मांडून बसला होता. ते भांडण युद्धाच्या इतिहासात मोडते, आणि हे पुस्तक त्याच्या अलीकडे, ६ ऑगस्टच्या मंजुरीपाशी थांबते.